सिल्वासाची जीप वारूळवाडीत येते

वारूळवाडी,
१२ एप्रिल १९९९

आदरणीय हौशीराम दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे खंडूचा, मनापासून जय भीम. साळूअक्काला नमस्कार सांगा आणि तिच्या गुडघ्याला मी दिलेलं तेल चोळताय की नाही, तेही कळवा. (मागच्या खेपेला बाटलीचं सील तसंच दिसलं. माझं लक्ष असतं.) तुमचं ब्लडप्रेशर आता ताब्यात असेल अशी आशा करतो, कारण पुढचा मजकूर वाचायला ते ताब्यात असलेलं बरं. आमच्याकडं सगळं ठीक. अंजनाची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. साक्षीची दहावी झाली. पेपर सोपे गेले म्हणते, म्हणजे निकालाची काळजी आहे.

पत्र लिहायचं मुख्य कारण असं, की मी जिंकलो.

आठवतंय ना, सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत तुमच्या मंचरच्या ओट्यावर काय बोलणं झालं ते? मी जीप घ्यायची म्हणत होतो. खिळे ठोकणाऱ्या मजुराचा मी टोमॅटोच्या खोक्यांचा कारखानदार झालो, तरी नारायणगावच्या बाजारात जाताना दुसऱ्याच्या टेम्पोत खोक्यांवर बसून जात होतो, हे काही बरं दिसत नव्हतं. तुम्ही तहसील कचेरीत बत्तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. चष्मा कपाळावर चढवून सांगितलंत, गाडी पुण्यातून घे, जो काय विक्रीकर असेल तो भर आणि झोप. मी म्हणालो, दाजी, सिल्वासा केंद्रशासित, तिथं विक्रीकर कमी आहे; तीच जीप, तीच चार चाकं, पण पंचवीस-तीस हजारांनी स्वस्त. त्यावर तुम्ही हसलात. ते हसणं माझ्या कानात अजून आहे. "खंडू, सरकार तुझ्यापेक्षा म्हातारं हाये. गाडी हिकडं आणलीस की तेवढाच फरक प्रवेश कर म्हणून वसूल करतील. जादा दमडी न भरता ती तुझ्या नावावर, आपल्याकडचा नंबर लागून दारात उभी राहिली, तर मी तुला चारचौघांत खंडूशेठ म्हणंन!" अक्का हसली, अंजनाही हसली. (अंजना माझ्या बाजूची की तुमच्या, हे मला लग्नाला वीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही.) आता माणूस दमडीसाठी एवढं करत नाही हो, पण चारचौघांत शेठ म्हणवून घेण्यासाठी काय वाटेल ते करतो.

तर सिल्वासात गाडी घ्यायची म्हणजे तिथला रहिवासी हवा. रहिवासी घरचाच होता. तुमचा लेक, आपला प्रबुद्ध, तिथं सूतगिरणीत सुपरवायझर. त्यानं एका अक्षरानं का-कू न करता सह्या केल्या, आणि डिसेंबरात पांढरीशुभ्र जीप त्याच्या नावावर, डीएन-०९ नंबर लावून रस्त्यावर आली. पैसे माझे, नाव त्याचं. गाडी घेऊन आम्ही दोघं पेठ-नाशिकच्या रस्त्यानं निघालो. मी आधीच पढवून ठेवलं होतं, की नाक्यावर विचारलं तर सांग, माझी गाडी, मामाकडं चाललोय. पण दाजी, तुम्ही पोराला लहानपणापासून खरं बोलायची लावलेली सवय फार वाईट. नाक्यावरच्या माणसानं विचारलं, कुठं? आणि तुमचा लेक म्हणाला, "मामाच्या गाडीतनं मामाच्या गावाला." मी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की पुढचे दोन शब्द गुजरातीत निघाले. नाक्यावरचा माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "पावणं, गाडी नक्की कुनाची?" मी म्हणालो, "साहेब, भाच्याची. पन प्रेम लई हाये, त्यामुळं तो माझी म्हंतो." त्यानं भेटीसाठी आलेली गाडी म्हणून वहीत नोंद केली आणि सोडलं. प्रबुद्ध सिन्नरपर्यंत मांडी चोळत होता.

पुढं तेरा महिने सुखात गेले असं मी म्हणेन, पण अंजना पत्र वाचतेय, म्हणून खरं लिहितो. परराज्याची पाटी म्हटल्यावर गावाला दुसरं कामच उरलं नाही. येडगावला गेलो की लोक विचारायचे, धरणावर सहल आली का. आळ्याला एकानं मला थांबवून हिंदीत रस्ता सांगितला. (मी ऐकून घेतला. शेवटी रस्ता बरोबरच सांगितला होता.) भेटीला आलेली गाडी किती दिवस राहणार, यावरून टपरीवर पैजा लागत होत्या, आणि त्यातली एक, मला मागाहून कळलं, अंजनाची होती.

घात केला तो भिका पेंटरनं, आणि त्यातही अंजनानं. जानेवारीत मी तीन दिवस लाकूड बघायला गेलो होतो. परत येतो तो काय, गाडीच्या पाठीवर लाल-पिवळ्या अक्षरांत ‘साक्षीची कृपा’, खाली ‘खंडू खोकीवाले, मु. पो. वारूळवाडी, ता. जुन्नर’, आणि त्याखाली आपला फोन नंबर. गावात कुणाचीही गाडी आली की पाठीवर नाव-गाव पडतं, म्हणून हिला वाटलं आपल्याच गाडीची पाठ का कोरी? मी कपाळाला हात लावला. भिका म्हणाला, "कलर कंपनीचा हाये, धा वर्सं जायचा न्हाई." जाणार नाही हेच तर दुखणं होतं! आणि दुसऱ्याच दिवशी आळेफाट्यावर वाहन तपासणीच्या साहेबांनी हात केला. साहेबांनी पुढून नंबर वाचला, कागदावरचं नाव वाचलं, मग सावकाश मागं गेले आणि पाठ वाचली. दोनदा वाचली. मग शेजारच्या एसटीडी बूथवरून माझ्यासमोर त्यांनी तो नंबर लावला. घरी अंजनानं उचलला आणि विचारायच्या आत सांगितलं, की मालक आपल्याच जीपमधनं आळेफाट्याला गेलेत, खोक्यांची ऑर्डर असेल तर सांगा, लिहून घेते.

त्यामुळं मला आरटीओच्या कचेरीत जावं लागलं. लाईन लांब होती, माझा चेहरा त्याहून लांब. इतके महिने गाडी इथं वापरली त्याचा रस्त्याचा कर दंडासकट भरला. (ती दमडी जादा नव्हे. ती कुणालाही लागतेच. तुम्हीच हेडक्लार्क, तुम्ही सांगा.) आता प्रवेश कराच्या टेबलापुढं उभा राहून मी मनातल्या मनात तुमच्या ओट्यावर मान खाली घालून बसण्याची तालीम करत होतो. आणि तेवढ्यात, दाजी, माझे कान! लहानपणी याच कानांनी बाजारात दोन आडत्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकून मी पहिला धंदा केला. मागं दोन एजंट तंबाखू मळत एकमेकांत कुजबुजत होते. एक म्हणाला, या बाबाला घाई नडली. परराज्यातल्या नंबरावर पंधरा महिने होऊ द्यायचे आणि मग इथं नोंदवायची, प्रवेश कर लागतच नाही. दुसरा म्हणाला, सांगू नको, फी घेऊन सांगू. मी मागं न बघता पुढं सरकलो. टेबलावरच्या बाईंना नम्रपणे विचारलं, बाई, गाडी आजच परत तिकडं पाठवली आणि पंधरा महिने झाल्यावर आणली तर? बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसा पेपरातला अवघड प्रश्न ढ पोरानं सोडवावा. म्हणाल्या, "तसा नियम हाये खरा. कुनी सांगितला तुमाला?" मी म्हणालो, कुणी नाही बाई, ऐकू आला.

त्याच संध्याकाळी भिकाला बसवून पाठ कोरी करवून घेतली (निम्मी अक्षरं अजून उन्हात दिसतात) आणि गाडी सिल्वासाला प्रबुद्धकडं रवाना केली. दोन महिने तिथंच ठेव, फिरव, बॅटरी उतरू देऊ नको, एवढंच सांगितलं. त्यानं ते फार मनावर घेतलं. मार्चात पंधरा महिने पूर्ण झाले. तिकडच्या कचेरीचं ना हरकत पत्र निघालं, गाडी परत आली, आणि गेल्या शुक्रवारी मी त्याच बाईंच्या टेबलापुढं छाती काढून उभा राहिलो. प्रवेश कर शून्य! शिक्का मारून दिलाय. मी तो कागद लॅमिनेट करून घेतलाय. वारूळवाडीत पाच किलो पेढे वाटले. ज्या टपरीवर पैजा लागल्या तिथं अर्धा किलो जास्त. तालुक्यातले चार जण माझ्याकडं सल्ल्याला येऊन गेले, आणि मी चष्मा कपाळावर चढवून त्यांना सल्ला दिला. (चष्मा साक्षीचा होता.) तेव्हा परवा जयंतीला पाव्हण्यांसमोर खंडूशेठ म्हणायची तयारी ठेवा. घसा आधी साफ करून घ्या.

अक्काला साष्टांग.

आपला,
खंडू

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. गाडी अजून माझ्या नावावर नाही. कराचं सगळं मिटलं, फक्त विक्रीच्या फॉर्मवर जुन्या मालकाची सही हवी. जुना मालक म्हणजे आपला प्रबुद्ध. ती मी आधीच घ्यायला हवी होती हे मला कळतं, तुम्ही परत सांगू नका.

ता. क. २. प्रबुद्ध सही करत नाही. म्हणजे करतो म्हणतो, पण तुम्ही हो म्हटल्यावर. जीपला नव्हे. सूतगिरणीच्या हिशेबखात्यात दक्षा म्हणून मुलगी आहे. गाडी दोन महिने तिकडं होती, बॅटरी उतरू नये म्हणून त्यानं तिलाच रोज घरी सोडलं. तुम्ही घोडेगावचं स्थळ पक्कं करत आणलंय, म्हणून त्याची तुमच्यापुढं तोंड उघडायची छाती होत नाही. मुलगी आपल्यातलीच आहे हो, त्यांच्या घरातला बाबासाहेबांचा फोटो तुमच्याकडच्यापेक्षा मोठा. बोलते गुजराती, पण दोन महिन्यांत मराठी शिकली. मी तिला परीक्षेला म्हणून खोक्यांचा हिशेब दिला; तिनं माझ्या मुनिमाची सहा वर्षांची चूक काढली. दाजी, मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. पोराला हो म्हणा. माझ्या जीपसाठी म्हणत नाही. (म्हणतो, पण नुसतं तेवढ्यासाठी नाही.)

ता. क. ३. हे पत्र तुमच्या हातात देऊन जी मुलगी दारात उभी आहे, ती दक्षा. अक्कानं एव्हाना तिला चहा विचारला असेलच. वारूळवाडीहून गाडी तिनंच चालवत आणलीय आणि प्रबुद्धपेक्षा बरी चालवते. त्याला शोधू नका. मागच्या सीटवर खाली वाकून बसलाय. हाक मारलीत तर येईल, आणि येताना फॉर्म घेऊनच येईल.