फळ्यावर बिल्ला नाही

४ जानेवारी
शीतगृहाची व्यवस्थापक म्हणून आज रुजू झाले. जागा झकास: चार खोल्या, गोठवलेले वाटाणे, तापमान उणे अठरा. कारभार मात्र ढिसाळ. लगेच हुकूम काढला: आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दाराशेजारच्या फळ्यावर अडकवायचा. फळा रिकामा दिसला की मुकादमाने पाचला बाहेरून कडी घालायची, हाका मारत बसायचं नाही. मुकादम म्हणाला, बाई, इथं सगळ्यांचा पारा उणे, तुमचाच तेवढा चढलेला! हसू आलं, दाखवलं नाही.

११ जानेवारी
पाळी थांबून वर्ष झालं. दिवसातून सहादा छातीतून जाळ उठतो, कपडे भिजतात, हातातल्या वस्तूचं नाव आठवत नाही. चार नंबरच्या खोलीत दोन मिनिटं उभी राहिले की बरं वाटतं. आज तिथे कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घेत होतं. फट् फट्. आत मी एकटीच.

१९ जानेवारी
जाळ उठला की तो आवाज येतो. ओळखला. आई माझ्या वहीचा पुठ्ठा फाडून असाच वारा घ्यायची. मी कॉलेजात, परीक्षा तोंडावर. ती भर थंडीत घामाने निथळत गच्चीवर धावायची, दार आपटायचं. एका रात्री मी म्हणाले, नाटकं पुरेत, आणि ती गच्चीवर असताना आतून कडी लावली. अभ्यासाच्या नादात काढायची राहिली. न्यूमोनियाने आई चौथ्या दिवशी गेली. कडी चुकून लागली, असंच तिने वडिलांना सांगितलं.

२ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून हार्मोनची पट्टी दिली. कमरेखाली चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची, सोबत गोळी. म्हणाल्या, हे नाटक नसतं हो, सोसायचं कशाला? मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, औषधाला घाबरले.

१ मार्च
जाळ गेला. झोप लागते, शब्द सापडतात. चार नंबरमध्ये दहा मिनिटं थांबले. आवाज नाही.
आईही नाही.

६ मार्च
पट्टी काढली. गोळीही बंद.

१५ मार्च
आली. मानेवर वारा. माफी मागायची राहिली.
या रोजनिशीचा मागचा पुठ्ठा कुणी फाडलाय?

१६ मार्च
चार नंबर. पावणेपाच. बिल्ला खिशातच— विसरले? की—
आई शेजारी बसलीय. किती गार पडलीय. माझ्या अंगात जाळ आहे तोवर तिला ऊब—
सांगितलं तिला. कडी मीच लावली होती.
मुकादमाची पावलं. हाक मारली तर अजून—
पण हात तिने धरलाय.
कडी वाजली. आई म्हणते, असू दे गं, चुकून लाग—