सासुरवाडीचा बर्फ

१९ एप्रिल

घरजावई झालो, आणि मला त्याची तिळभरही लाज वाटत नाही. एम.एस्सी.ला हिमनद्या शिकलो, हिमाचलात उन्हाळे काढले, आणि नोकरी मिळाली ती कुरुंद्यापुढच्या वस्तीवर, सासऱ्यांच्या हळदीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. हिंगोली जिल्ह्यात राहून बर्फाशी संबंध ठेवायचा तर याहून चांगली जागा कुठली! सासरे तातेराव स्वतः गाडी घेऊन आले होते. इथं पोत्यांच्या थप्प्यांवर हळद, डाळीत हळद, उशीवरही हळद. शीतल म्हणते, तुम्ही अजून नवरदेवच दिसता.

मनगटावरचं हळकुंडाचं काकणही अजून तसंच आहे. आमच्याकडे ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सोडतात. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरात उशिरा सोडतात. एवढ्या लाडात वाद कोण घालणार?

शीतलचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा भागवत तिला टाकून पुण्याला पळाला. हे सांगताना ती इतकी रडली की मी तिथंच होकार देऊन टाकला.

२६ एप्रिल

जेवताना सासऱ्यांनी विचारलं, हिमनदी होते कशी? मला काय, निमित्तच पाहिजे होतं. सांगितलं की पडलेला बर्फ वितळला नाही तर थरावर थर साचतात. खालचे थर दाबानं घट्ट होतात, निळे पडतात, आणि सगळा ढीग स्वतःच्याच वजनानं उताराला सरकू लागतो. जाताना खडक तासतो, दऱ्या कोरतो, पोटात घेतलेलं सोबत नेतो. भर उन्हाळ्यात खालची गावं त्याच्याच पाण्यावर जगतात.

सासरे म्हणाले, "बराबर." विद्यार्थी म्हणतो तसं नाही, मास्तर म्हणतो तसं. मला हसू आलं.

४ मे

रान भाजून निघालंय. आसपासच्या विहिरी कोरड्या, आमची मात्र भरलेली, पाणी दात कळवळतील इतकं गार. सगळी वस्ती इथूनच पाणी नेते आणि सासरे कुणाला अडवत नाहीत. असा माणूस सासरा म्हणून लाभायला नशीब लागतं.

आज त्यांनी मागची जुनी खोली दाखवली. काळ्या खडकात खोल उतरत जाणारी, पार विहिरीच्या अंगाला. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळा बर्फ. यंत्र नाही, विजेची तारसुद्धा नाही. खडकावर समांतर ओरखडे, मधला भाग घासून गुळगुळीत. असे ओरखडे मी फक्त हिमनदीनं तासलेल्या खडकावर पाहिलेत. मी अक्षरशः नाचलो! आमच्या सरांना फोटो पाठवणार होतो, पण ओल लागेल म्हणत सासऱ्यांनी मोबाईल काढून घेतला. अजून परत दिलेला नाही.

१० मे

बर्फ सरकतोय. कोळशानं केलेली खूण त्यानं गिळली. थराथरात पिवळ्या रेघा आहेत. हळद. सासरे म्हणतात, पूजेची. कसली पूजा, ते सांगत नाहीत. मोबाईल मागितला तर विषय बदलतात.

१३ मे

खोलीच्या खालच्या टोकाला, विहिरीकडे, बर्फ पातळ झालाय. आत हात आहे. माणसाचा. मनगटावर हळकुंडाचं काकण, गाठ न सोडलेली. बोटात अंगठी, तिच्यावर शीतलचं नाव.

भागवत पुण्याला गेला नाही. कुठंच गेला नाही.

१४ मे

शीतलला सगळं सांगितलं. ती पांढरी पडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वडिलांच्या धाकानं गप्प राहिले म्हणाली. आज रात्रीच निघू म्हटलं, तर म्हणाली, पुरावा नसला तर तातेरावांच्या विरुद्ध जावयाचं कोण ऐकणार? उद्या दुपारी घर झोपलं की मी बर्फ फोडून अंगठी काढायची, तिनं दारात लक्ष ठेवायचं, मग तसंच जीपनं वसमतच्या पोलीस ठाण्यात. काकण तोड म्हटलं. म्हणाली, जीपमध्ये बसल्यावर.

बरं झालं तिला सांगितलं. या घरात तेवढीच माझी आहे.

१५ मे

जुन्या खोलीचं दार लागलं. वारा वाटला. पण कडी— कडी बाहेरून घातली.

हाक मारली. ती दाराला तोंड लावून बोलली. चहाला उठवते तोच आवाज.

"अवो, आवाज करू नका. बाया पाण्याला आल्यात."

माझ्या खांद्यावर रडली होतीस, शीतल. माझ्याच—

ओरडलो. घसा फुटेपर्यंत. विहिरीवरचे पोहरे थांबले. त्यांनी ऐकलं. सगळ्यांनी. माझ्या लग्नात जेवून गेलेल्या, मला हट्टानं नाव घ्यायला लावणाऱ्या बाया—

मग पोहरा पाण्यात पडला. मग दुसरा.

बर्फ घोट्यावर आला. पाय निघत नाही. दुखतही नाही आता—

बाहेर एकजण दुसरीला थांबवतेय. घाई करू नको म्हणतेय, पाणी चढून राहिलं, अजून एक हंडा सहज—