छत्रीच्या मागे मागे

शुक्रवार, ९

दादाचा फोन. "वृद्धाश्रमात जागा झालीय. सोमवारपर्यंत काय ते सांग." त्याला काय, तिकडे बसून सांगायला! सकाळी बाबांनी दूध सांडलं, वर माझ्यावरच खेकसले – "कोण आहेस तू? नीघ माझ्या घरातून!" फरशी पुसता पुसता रडून घेतलं. दमले मी. खरंच दमले.

शनिवार, १०

उद्या बाबांना राजवाडा दाखवायला नेते. मी लहान असताना तेच मला "नेईन एकदा" म्हणायचे, ते राहूनच गेलं. उद्या त्यांनी मला एकदा जरी ओळखलं, तरी दादाला नाही म्हणणार. नाहीतर... बघू.

रविवार, ११

पाय सुजलेत, तरी लिहितेच.

गर्दी म्हणजे काय गर्दी! बाबा हरवू नयेत म्हणून छत्री मिटून उंच धरली. "हिच्यावर नजर ठेवा हं." आले की निमूट मागे मागे! पाट्यांवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, म्हणून मीच वाचून दाखवत होते – हा दरबार, हे राणीचं न्हाणीघर. "आणि या पलंगावर कोण झोपायचं? सांगा की!" मला चक्क अहो-जाहो! स्वारी थट्टेच्या रंगात होती. दिवसभरात एकदाही ओरडले नाहीत.

बागेत कारंजी बंद, गवतावर बसायला मनाई, रिकामा बाक एकच आणि तोही भर उन्हात. बाबांनी संत्रं सोलून अर्धं मला दिलं. "घ्या, सकाळपासून बोलताय. घसा सुकला असेल." किती दिवसांनी कुणीतरी माझ्या घशाचा विचार केला!

निघताना फाटकापाशी खिशातून घडी घातलेली नोट काढली आणि माझ्या मुठीत कोंबली. मी नको नको म्हणतेय, तर "खुशीनं देतोय, राहू द्या." शाळेच्या सहलीला जाताना अश्शीच मूठ मिटून द्यायचे! ओळखलं! माझ्या बाबांनी मला ओळखलं!

घरी आल्या आल्या दादाला फोन. "बाबा कुठेही जाणार नाहीत." तो म्हणाला, "हौस आहे तुला." असू दे.

सोमवार, १२

शेजारच्या काकू आल्या होत्या. मी आत भांडी घासत होते. बाबा त्यांना सांगत होते, "राजवाडा झकास! छत्रीवाल्या गाइडबाई तर फारच चांगल्या. बक्षीस दिलं मी त्यांना. पुढच्या वेळी माझ्या लेकीला नेणार. फार दमते हो ती."

दादाला हे सांगणार नाही.