साडू, ट्रायपॉड आणि मी

६ जानेवारी
आज फोटोग्राफी क्लबचा मेंबर झालो. नवा कॅमेरा, ट्रायपॉड आणि बारा खिशांचं जाकीट. वर्षभरात क्लब माझ्या नावाने ओळखला जाईल. बाराव्या खिशात काय ठेवणार, असं बायकोने विचारलं. घरातून कलेला पाठिंबा मिळत नाहीच.

७ जानेवारी
साडूही मेंबर झाला. मोबाइल घेऊन! माझं बघूनच. त्याला स्वतःचं म्हणून काही सुचत नाही. फ्लॅटसुद्धा माझ्या मागोमाग घेतला. एक खोली जास्त असलेला.

१९ जानेवारी, पहाटे
सूर्योदय टिपायला टेकडीवर. ढग. ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायची प्लेट घरी राहिली. बायकोने आठवण करून द्यायला हवी होती.

२० जानेवारी
साडूच्या फोटोंना क्लबमध्ये वा वा. मीही केलं, दातओठ खात. माझा फोटो बघून क्लबमधल्याच एका दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, हे नक्की काय आहे. सूर्योदय आहे, असं सांगावं लागलं. दर्दी माणसं उरली नाहीत.

२ फेब्रुवारी
वार्षिक स्पर्धा जाहीर. फोटो निनावी लावणार. मेंबरांनीच एकेक मत द्यायचं, स्वतःला नाही. पहिला आलेला फोटो वर्षभर दारासमोरच्या भिंतीवर. तिथे साडूचा लागला तर? वर्षभर येता-जाता बघायचा? नुसत्या कल्पनेनेच अंगाचा तिळपापड झाला.

८ फेब्रुवारी
माझा फोटो दिला. आमच्या गॅलरीतली रिकामी खुर्ची. विषय एकटेपणा. खुर्ची जरा हललेली आली आहे. मुद्दाम.

१५ फेब्रुवारी
मतदान. धुक्यातल्या पुलाचा फोटो सगळ्यात भारी, म्हणजे साडूचाच. बघून जीव जळला. त्याला मत द्यायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या बऱ्या फोटोला दिलं, तर माझ्या खुर्चीला धोका. म्हणून सगळ्यात टाकाऊ फोटोला दिलं: एक मांजर, तोंड फ्रेमच्या बाहेर, शेपूट तेवढं आत. मत वाया घालवायलाही अक्कल लागते.

१६ फेब्रुवारी
निकाल. मांजर पहिलं. एका मताने. पूल दुसरा, तो दाताच्या डॉक्टरांचा निघाला.
मांजर साडूचं.
खुर्चीला एक मत. कुणीतरी जाणकार आहे म्हणायचं, असं वाटलं. तेवढ्यात साडूने येऊन मिठी मारली. ते मत त्याचं. खुर्ची बघताक्षणी ओळखली, म्हणाला, मग दुसऱ्या कुणाला द्यायला मन होईना. मग विचारलं, साडूभाऊ, तुम्ही कुणाला दिलंत? मी खरं ते सांगितलं. मांजराला. त्याचे डोळे भरून आले.
माझेही. कारण वेगळं.

२४ फेब्रुवारी
बक्षीस समारंभ. बक्षीस घेतानाचा त्याचा फोटो साडूभाऊंनीच, म्हणजे मी, काढायचा, असा साडूचा हट्ट. काढला. हात हलला नाही, डोकं कापलं गेलं नाही, डोळेही उघडे. माझ्या हातून आलेला पहिला शार्प फोटो. बायकोला इतका आवडला, की मोठा करून तिने हॉलमध्ये लावला.
सोफ्यावर बसलं की बरोबर समोर येतो.