नावेदनं लॅपटॉप उघडल्यापासून

३ मे, शनि.
ऑनलाइन गेमच्या सरावात समोर शत्रू, बंदूक रोखलेली, आणि फ्रेम धाडकन पडल्या. चित्र अडखळत पुढं सरकतंय, तोवर मी मेलेली. हेडफोनमधून संघातला प्रमोद कानात ओरडतोय, "स्नेहल, झोपली का गं?" तिकडून आई पाणी भरायला हाका मारतेय. आमच्याच संघातल्या नावेदनं गेल्या आठवड्यात पंखा साफ करायला लॅपटॉप उघडला होता. त्याआधी असं कधीच झालं नव्हतं.

४ मे, रवि.
दिवसभर खेळले, काही नाही. वैद्य आला की रोग लपतो तसं. ड्रायव्हर नवीन टाकला, तापमान बघितलं, ठीक. सेटिंग उगाच खाली आणली.

६ मे, मंगळ.
चितेगावच्या कारखान्यातून ड्यूटी संपवून येताना नावेदला फोन. हसत हसतच विचारलं, आतलं काही काढलं तर नाहीस ना?
"हौ, तेरी रॅम बेच के बंगला बांधा मैं."
हसला. जरा जास्तच हसला.

९ मे, शुक्र.
नळ आल्याच्या गडबडीत सराव. परत तीच बोंब. नंतर झाकण खोलून बघितलं. रॅम जागेवर, तीच. मग केलं काय यानं? एखादा स्क्रू सैल ठेवला? प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट नीट लावली नाही?
१८ ला पुण्याच्या पगारी गेमिंग संघाचा माणूस आमचा सामना बघणार. एकालाच घेणार, मला नाहीतर नावेदला. मी अडखळले तर फायदा कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको. पॅकिंगच्या लाईनवर आयुष्य काढायचं नाही मला.

१२ मे, सोम.
प्रमोदला सांगितलं. कुणाला बोलू नको म्हटलं.
"नाय गं, माझ्या पोटात राहतंय."
त्याच्या पोटात काही राहत नाही हे माहीत होतं. तरी सांगितलं.

१३ मे, मंगळ.
नावेद ग्रुपमधून बाहेर पडला. एक शब्द न बोलता. निर्दोष असता तर भांडला असता की. चोराच्या मनात चांदणं. प्रमोद म्हणतो, "म्या फक्त बाकीच्या दोघांलाच सांगितलं." संघात आहोतच पाच जण!

१५ मे, गुरु.
पाण्याचा दिवस. एकटीच खेळत होते, फ्रेम पडल्या. वैतागून गेम बंद केला तर कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह. वायर लावलेली, तरी बॅटरीवर! आणि बॅटरीवर हे यंत्र अर्ध्या ताकदीनं चालतं. वायर शोधत मागं गेले तर ती फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये, त्याचा लाल दिवा लागलेला. नळ आला की अख्खी गल्ली मोटरी लावते, आमची आई सगळ्यात आधी. व्होल्टेज पडतं आणि स्टॅबिलायझर वीज तोडतो. बाबांना विचारलं, इथं कुणी लावलं?
"म्याच. त्या पोरानं उघडला तव्हापासून. खोललेली वस्तू लई नाजूक राहती."
आधीच्या दोन्ही वेळी पाण्याचाच दिवस होता. वायर थेट भिंतीत लावली. मोटरी चालू, गेम सुरळीत, बाबा नाराज. मला फार लाज वाटली.

१६ मे, शुक्र.
ग्रुपवर सगळं लिहिलं, चूक माझी म्हणून. पण नावेद ग्रुपमध्ये नाहीच. फोन उचलत नाही. प्रमोद सांगतो, त्यानं पुण्याच्या माणसाला स्वतःचं नाव काढायला सांगितलंय. म्हणजे जागा माझी. लगेच डोक्यात किडा, हा प्रमोद खरं बोलतोय कशावरून? माझं हे असंच. एक संशय फिटला की दुसरा तयार.

१७ मे, शनि.
गुलमंडीला गेले. खाली नावेदच्या चाचांचं कापडाचं दुकान, वर तो. चाचा नजर चुकवून म्हणाले, "नैं है बेटा, बाहर गया." त्याची गाडी दारातच. खोटं कळत होतं, पण आज राग नाही आला. जिन्याखाली उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "नावेद, तूने कुछ नैं किया. गलती मेरी है. सबको बता दी मैं." साड्या बघणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. वर गेमचा आवाज चालू होता, तो बंद झाला. कुणी उतरलं नाही. बराच वेळ उभी राहिले, मग चाचांना सलाम करून निघाले.
उद्या सामना आहे. पाच जण लागतात. आम्ही चार आहोत.