डोरीनची दोन अक्षरं

४ फेब्रुवारी

बेचाळीस फाइली! तीन लवाद, दोन्ही बाजूंचे वकील, साक्षीदार – सगळ्यांना सारखे कागद. आमचं ऑफिस वकिलांचं, अशील एक गुंतवणूक फंड. त्यानं चिलीतली माशांचे डबे भरणारी कंपनी विकत घेतली, विकणाऱ्यानं फसवलं म्हणे. माशांपायी एवढी माणसं विमानानं टोरांटोला! बाबांना सांगितलं तर जाळं टाकायचं सोडून हसत बसतील.

नियम असा – फाइल मी लावायची. डोरीन मॅक्सवेलनं पान न् पान पाहायचं, मग फाइलीवर डी. एम. लिहायचं. आज ती दाताच्या डॉक्टरकडे. कोळ्याचा मुलगा म्हणून मी तिचा 'मासळ्या'; जाताना म्हणाली – "मासळ्या, मी आल्याशिवाय काही पाठवू नकोस हं!" मला कुठला धीर? दोन अक्षरं मीच टाकली. पहिल्यांदा नाही.

६ फेब्रुवारी

मेलो.

समोरच्या बाजूचे वकील बिसेट, त्यांच्याकडून बंद पाकीट आलं. आमच्या वकील टेसिए मॅडमनी ते खाली छपाईच्या खोलीतच फोडलं. आत मॅडमचंच खासगी टिपण – आपला फंड कमीत कमी किती घेऊन वाद मिटवेल, तो आकडा. मी ते बिसेटच्या फाइलीत लावलं होतं! सोबत त्यांची चिठ्ठी – 'हा कागद माझ्यासाठी नाही. पहिली ओळ वाचून थांबलो.' वकिलांत हा नियमच आहे. पण पुढचं वाचलं असतं तर कोण बघणार होतं?

मॅडम खुर्चीत बसल्याच. "दुसरा कुणी असता तर आपण संपलो होतो. कुणी तपासली ही?"

डोरीन चष्मा पुसून पुसून बघत राहिली. "अक्षरं तर माझीच आहेत. आठवत कसं नाही?"

मी स्टेपलरमध्ये पिना भरत होतो. तो भरलेलाच होता.

७ फेब्रुवारी

उद्या खरं सांगतो.

११ फेब्रुवारी

डोरीनला घरी पाठवलं. एकवीस वर्षं होती ती इथं. कॉफीचा मग, कुंडी, खुर्चीवरची उशी – एवढंच सामान.

"वय झालं रे, मासळ्या. आता स्वतःच्या हाताचीही खात्री नाही." डब्यातली पॅटी माझ्यापुढे सरकवली. "खा. हाडं मोजता येतात तुझी."

खाल्ली! तीसुद्धा खाल्ली मी.

१४ फेब्रुवारी

तडजोड झाली. वरच्या मजल्यावर केक कापला. मॅडम स्वतः खाली आल्या, मला नावानं हाक मारली – "वेड, डोरीनची जागा आता तुझी. तपासायचं तू."

आईला फोन केला. ती रडायलाच लागली. "नववीत शाळा सोडलेलं माझं पोर! मास्तरांना सांगते थांब."

पहिल्या ओळीवर थांबले तेव्हा बिसेटना कुणी बघत नव्हतं. डी. एम. टाकताना मलाही नव्हतं.

१७ फेब्रुवारी

नवा वाद, पनामातल्या बंदराचा. फाइली लावायला नवी मुलगी आहे, सास्किया. मॅडम घाईत, टेबलाशीच उभ्या. तरी पान न् पान पाहिलं, खरंच पाहिलं. मग वर अक्षरं टाकली.

डी. एम.

हातानं सवयीनं लिहिलं. हुबेहूब डोरीनसारखं. मॅडमचं लक्ष अजून फोनमध्ये. खोडायला पेन टेकवलं –

नाही खोडलं. अक्षरं दिसतील अशी फाइल त्यांच्याकडे फिरवली.