शेवटच्या बाकापर्यंत हिचा आवाज

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. बारा तारखेला हिचं स्वरयंत्र काढणार. घशाचे डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल, आवाज नाही." हिने फाइल आवरून पिशवीत टाकली. मीच वेड्यासारखा त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलो.

परत येताना ही म्हणाली — म्हणाली कसली, कुजबुजली — "एकतीस वर्षं पोरांना गप्प बसवलं. आता माझी पाळी!" हसू आलं, आणि पुढचा रस्ता दिसेना.

रविवारी शाळेत हिने शिकवलेल्या पहिल्यावहिल्या वर्गाचा मेळावा आहे. म्हणते, बोलणारच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मिक्सर ॲम्प्लिफायर माळ्यावरून काढला, पुसला. लाउडस्पीकरचा धंदा केला जन्मभर, पण मला कोणी शिकवलं नाही. झटके खात शिकलो. बाहेरच्या खोलीत हिला माइकपुढे उभी केली. आवाज फुंकरीएवढा. वाढवायला जावं तर शिट्टी! हिने कानांवर हात ठेवले — "अहो, तुमचा डबाच माझ्यापेक्षा मोठ्यांदा ओरडतोय!"

मग शांतपणे पहिल्यापासून मांडलं. स्पीकर माइकच्या पुढे, तोंड लोकांकडे. माइक ओठांपासून दोन बोटं. रिकामे चॅनल शून्यावर. बेस उतरवला, ट्रेबल जरासा वर — श, स कळले पाहिजेत. मग मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा खटका, सावकाश वाढवायचा आणि शिट्टीच्या अलीकडे थांबायचं.

चार वाजता — स्वच्छ! ही माइकवर "चहा टाका" म्हणाली. मी धावतच गेलो टाकायला.

७ फेब्रुवारी, शनिवार

ठकूचा, लेकीचा, फोन. आठवा महिना, प्रवास बंद. "बाबा, आईचं सगळं बोलणं रेकॉर्ड करा. बाळाला ऐकवायचंय." फोन ठेवल्यावर लक्षात आलं — जन्मभर दुनियेचे आवाज टिपले, घरातला एकही नाही!

रेकॉर्डर जोडून माझ्याच 'हॅलो, हॅलो'वर पाहिला. झकास चालतोय.

८ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच लिहून टाकतो.

शाळेचा हॉल भरलेला. टक्कल पडलेले, चष्मे लागलेले विद्यार्थी. ही आत आली आणि दाराशी टोपली ठेवली — "मोबाइल यात. वर्गात चालत नाहीत." पन्नाशीची माणसं निमूट फोन टाकत होती!

ही माइकपाशी गेली आणि स्पीकरमधून घूंऽऽ. घरी सगळं एकाच बोर्डावर होतं. इथे रेकॉर्डरचा प्लग पलीकडच्या भिंतीत, आणि दोन जागचा करंट जोडला की अशी घरघर येतेच. ती घरघर हिच्या आवाजाहून मोठी. शिकलेला हात — विचार न करता मिक्सरमधून रेकॉर्डरकडे जाणारी वायर उपटली. घरघर बंद.

हिने भाषण केलंच नाही. हजेरी घेतली! एक ते बेचाळीस, एकेक नंबर, सावकाश. "हजर, बाई." सत्तावीसला कोणीच बोललं नाही. ही थांबली, मान खाली घातली, मग "अठ्ठावीस." शेवटच्या बाकावरचा एक टकल्या विद्यार्थी हुंदके देत होता. इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात कोणाचा लावला नव्हता.

घरी येऊन रेकॉर्डर सुरू केला. घूं. मग काहीच नाही.

बॅटरीवर चालवला असता तर! एवढी साधी गोष्ट.

९ फेब्रुवारी, सोमवार

हिचा घसा सुजलाय. डॉक्टरांनी बोलणं बंद केलंय, एक शब्दही नाही. पुन्हा बोल म्हणायची सोय गेली.

ठकूचे तीन फोन. "पाठवता ना?" "पाठवतो."

खोटं बोललो पोरीशी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आत नेलं. स्ट्रेचरवरून हात हलवला. मी बाकावर.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शुद्धीवर आहे. गळ्यात नळी. मला बघून ओठ हलवले. खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

राहवेना. हिच्या उशाशी बसून सगळं सांगून टाकलं — वायर, रिकामं रेकॉर्डिंग, ठकूशी बोललेलं खोटं. रडलोही.

हिने पाटी ओढली. बराच वेळ लिहीत होती.

"वायर काढताना बघत होते मी. मुद्दाम बोलले नाही. ठकूला माझा आजाराआधीचा आवाज आठवतो. तोच राहू दे."